दोन्ही इतिहास एकाच संध्याकाळी सांगू द्या : आपल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची आजीव सभासद आहे. खिडकीजवळच्या लांब टेबलावर बसून मी बी.एड.चा अभ्यास केला आणि पुढे शाळेत इतिहास शिकवताना दर आठवड्याला दोन पुस्तकं पिशवीत घालून घरी नेली. एवढं जुनं नातं असल्यामुळे हे सगळं आधी तुमच्याशीच बोलावं असं मनात होतं. पण व्याख्यानाचा फलक तुम्ही बाजारपेठेच्या नाक्यावर लावला होता. तो लावलेला गावाने पाहिला, झाकलेलाही पाहिला. का झाकला तेही गावाला कळायला हवं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

झालं ते असं. यंदाच्या व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प मी गुंफायचं ठरलं होतं. विषय होता, ‘एक भूमी, दोन इतिहास : ब्रिटिशांच्या ताब्यातलं पॅलेस्टाईन, १९१७ ते १९४८’. हा विषय मी गणपतीच्या आधी लेखी दिला होता. तुम्ही तो बैठकीत मंजूर केलात आणि पत्रिका छापल्या. व्याख्यानाला आठ दिवस उरले असताना मला फोन आला. ज्यूंचा भाग ठेवा, अरबांचा गाळा, सध्या वातावरण बरं नाही, असं सांगण्यात आलं. शीर्षकातले ‘दोन इतिहास’ काढून ‘इस्राएलची निर्मिती’ एवढंच ठेवू, असंही सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या फलकावर माझ्या नावाच्या आणि विषयाच्या जागी पांढरा कागद डकवलेला होता.

या विषयाशी माझं नातं काय, ते आधी सांगते.

आमच्या परसाला लागून एक बेने इस्राएल घर होतं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. त्या घरातल्या आजींना सगळी आळी मावशी म्हणायची. नऊवारी लुगडं, हातात हिरवा चुडा. शुक्रवारी दिवेलागणीला काचेच्या पेल्यात तेलावर वात तरंगायची आणि शनिवारी त्या घरात चूल पेटायची नाही. त्यांच्या वाडवडिलांना अष्टागरातल्या गावांत ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. नवस फेडायचा असला की मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळांच्या फोडी, आणि परातीसमोर एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव. तो मलिदा मी लहानपणी ओंजळ पुढे करून खाल्ला आहे. आणि पेसाह या ज्यू सणाच्या रात्री त्या घरात ‘पुढच्या वर्षी यरुशलेमात’ असं म्हणायचे. इथे कोणी त्यांना जाच केला नव्हता, कोकणाने शेकडो वर्षं त्यांना आपलंच मानलं होतं. तरीही ते वाक्य दर वर्षी म्हटलं जायचं. यरुशलेमची ओढ हे १८९७ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या परिषदेत जमलेल्या ज्यू पुढाऱ्यांनी काढलेलं खूळ नव्हतं, हे मला पुस्तकांच्या कितीतरी आधी त्या माजघरात कळलं.

साठच्या दशकाच्या मध्यावर ते कुटुंब इस्राएलला गेलं. तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएल लोकांच्या ज्यूपणावरच शंका घेतली होती. त्यावर मोठं आंदोलन झालं आणि १९६४ साली तो प्रश्न मिटला. त्यानंतर निघालेल्यांपैकी हे एक कुटुंब. ते लोद नावाच्या गावात राहिले. मावशींची निळी हवाईपत्रं माझ्या आईला यायची. त्यातलं एक माझ्याकडे अजून आहे. त्यात त्यांनी लिहिलं आहे की समोर एक पडकं दगडी घर आहे, कमान शाबूत आहे पण छप्पर गेलंय. अंगणात लिंबाचं झाड आहे, भरपूर धरतं, आम्ही त्याचं लोणचं घालतो. झाड कोणी लावलं असं विचारलं तर कोणी नीट सांगत नाही.

झाड कोणी लावलं ते मला तिशीत कळलं, आपल्याच वाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकातून. जुलै १९४८ मध्ये इस्राएली सैन्याने लोद आणि शेजारचं रामले घेतलं आणि या दोन गावांतल्या पन्नास हजारांहून अधिक अरबांना हुसकावून लावलं. लोदची माणसं भर उन्हाळ्यात रामल्लाच्या दिशेने पायी निघाली. वाटेत तहानेने म्हातारी माणसं आणि लहान मुलं दगावली. त्या वर्षी सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले आणि चारशेहून अधिक गावं ओस पडली. ते याला ‘नक्बा’ म्हणतात, म्हणजे महासंकट. परतता येईल या आशेने कित्येकांनी घराच्या किल्ल्या बरोबर नेल्या होत्या.

मावशी लुटायला गेल्या नव्हत्या. त्यांच्या आजीने, पणजीने ज्या गावाचं नाव दर वर्षी घेतलं त्या गावाच्या दिशेने त्या गेल्या. आणि लिंबाचं झाड लावणाऱ्यानेही कोणाचं काही घेतलं नव्हतं. माझ्यापुरते दोन इतिहास ते हे असे समोरासमोर, मधे एक गल्ली. आता तुम्ही सांगता की यातला एक गाळा.

म्हणून माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी. या विषयातला एक भाग काढला की उरलेला भाग खरा राहत नाही. २ नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी ब्रिटनमधल्या ज्यूंचे पुढारी लॉर्ड रॉथशिल्ड यांना पत्र लिहिलं. त्यातलं आश्वासन इंग्रजीत अवघ्या ६७ शब्दांचं आहे. ज्यू लोकांसाठी पॅलेस्टाईनमध्ये ‘राष्ट्रीय घर’ व्हावं याला सरकार अनुकूल आहे, मात्र तिथल्या ‘बिगर-ज्यू समाजां’च्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाधा येऊ नये, असा त्याचा आशय. त्या वेळी तिथल्या दहा माणसांतली नऊ अरब होती, मुसलमान आणि ख्रिस्ती. त्या नऊ जणांचं नावही या वाक्यात नाही. ज्यू नसलेले, एवढीच त्यांची ओळख. नागरी हक्क आहेत, धार्मिक हक्क आहेत, राजकीय हक्कांचा उल्लेख नाही. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे, यात कोण दिसतं, कोण दिसत नाही? नववीची मुलं दोन मिनिटांत नेमक्या शब्दावर बोट ठेवायची.

त्याआधी दोन वर्षं, ऑक्टोबर १९१५ मध्ये, इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमोहन यांनी मक्केच्या शरीफ हुसेनला अरबांच्या स्वातंत्र्याचा शब्द दिला होता. त्या शब्दात पॅलेस्टाईन धरलेलं होतं की नव्हतं, यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला. १९१६ मध्ये ब्रिटनने तोच मुलूख फ्रान्सबरोबर गुपचूप वाटूनही घेतला. एका जमिनीचा तिघांना शब्द. कोकणात जमिनीच्या साध्या दाव्यातसुद्धा आपण आधी विचारतो, मूळ दस्त कोणी केला? इथेही तेच विचारायला हवं. तुम्ही ‘अरबांचा भाग’ म्हणून जे गाळायला सांगता त्यात हा दस्तच जातो.

१९२२च्या खानेसुमारीत पॅलेस्टाईनची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास होती, त्यांत ज्यू सुमारे ८४ हजार. १९४७ येईपर्यंत ज्यू एक-तृतीयांश झाले. का झाले? जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला म्हणून. १९३५ या एकाच वर्षात साठ हजारांहून जास्त ज्यू तिथे उतरले. हैफाच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या अरबाने ती जहाजं पाहिली तेव्हा त्याला आपलं गाव हातातून निसटताना दिसलं असणार. त्या जहाजाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या बाईला तोच धक्का म्हणजे जगातली शेवटची जागा होती. दोघांचंही भय खरं होतं. जहाज एक, धक्का एक, दिवसही एक. हे दोन वेगवेगळ्या संध्याकाळी कसं सांगू? आणि एकच सांगायचं तर दुसऱ्याला मधूनच कसं पुसू?

रक्ताचंही तसंच. ऑगस्ट १९२९ मध्ये हेब्रोनला ६७ ज्यूंची कत्तल झाली. ज्यूंची जुनी वस्ती होती ती, आणि त्याच गावातल्या कित्येक अरब कुटुंबांनी शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवलं. ९ एप्रिल १९४८ ला यरुशलेमजवळच्या देर यासीन गावात इर्गुन आणि लेही या ज्यू गटांनी शंभराहून अधिक गावकरी मारले, त्यांत बायका-मुलं होती. चार दिवसांनी यरुशलेममधल्या ज्यूंच्या हदासा रुग्णालयाकडे निघालेल्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला आणि डॉक्टर-परिचारिकांसह सत्तरहून अधिक जण मेले. यातलं एक सांगून बाकीची गाळली, तर श्रोता सभागृहातून उठताना कोणाचा तरी द्वेष सोबत घेऊन उठतो. तसलं व्याख्यान मी आजवर दिलेलं नाही आणि देणारही नाही.

दुसरी तक्रार तुमच्यातल्या एका सदस्यांच्या प्रश्नाबद्दल आहे. ‘बाई, तिकडच्या भांडणाशी आपला काय संबंध?’ असं त्यांनी मला विचारलं. प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता, म्हणून उत्तरही मनापासून देते.

बाल्फोर यांच्या त्या पत्राला ब्रिटिश सरकारात सगळ्यात कडवा विरोध कोणी केला? एडविन मॉंटेग्यू यांनी. होय, आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या मॉंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे मॉंटेग्यू. ते भारतमंत्री होते आणि मंत्रिमंडळातले एकमेव ज्यू होते. ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांनी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि त्याच महिन्यात आपल्याच सरकारविरुद्ध टिपण लिहिलं. ज्यू हा धर्म आहे, वेगळं राष्ट्र नव्हे, आणि अशा घोषणेने जगभरातल्या ज्यूंना आपापल्या देशात परकं ठरवलं जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे ते भारताच्या दौऱ्यावर निघाले आणि ३१ ऑक्टोबरला निर्णय झाला तेव्हा ते लंडनमध्ये नव्हते. ज्यूंच्या बाजूतही केवढ्या बाजू होत्या, हे या एका माणसावरून कळतं.

पुढची नावं पाहा. १९३० साली पॅलेस्टाईनच्या जमिनीची पाहणी करून भूमिहीन होत चाललेल्या अरब शेतकऱ्यांबद्दल अहवाल देणारे जॉन होप सिम्पसन हे भारतातल्या आय.सी.एस.मधले जुने अधिकारी. १९३६ साली अरबांनी सहा महिन्यांचा हरताळ पाळला आणि पुढे बंड पेटलं. ते मोडताना सरकारने घरं सुरुंगाने उडवली, गावंच्या गावं सामुदायिक दंडाखाली भरडली. तेव्हा सल्ल्यासाठी बोलावले गेले चार्ल्स टेगार्ट, कलकत्त्याचे माजी पोलीस आयुक्त, ज्यांनी बंगालच्या क्रांतिकारकांचा पिच्छा पुरवला होता. त्यांच्या सांगण्यावरून बांधलेले काँक्रीटचे पोलीस किल्ले तिकडे आजही टेगार्ट यांच्याच नावाने ओळखले जातात. १९३७ साली पॅलेस्टाईनची फाळणी करा असं पहिल्यांदा सुचवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड पील हे त्याआधी दोनदा भारतमंत्री राहिलेले. माणसं तीच, कचेरीतली शिकवण तीच. दहा वर्षांनी फाळणी आपल्या दारात आली, ऑगस्ट १९४७ मध्ये. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारतातर्फे बसलेल्या न्यायमूर्ती अब्दुर रहमान यांनी इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर सांगितलं की पॅलेस्टाईन तोडू नका, संघराज्य करा. २९ नोव्हेंबरला ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर झाली. त्या तेरांत भारत होता. आपली जखम तेव्हा पुरते तीन-साडेतीन महिने जुनी होती.

आणखी जवळचं सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बैरूतमध्ये राहणाऱ्या सुरसुक घराण्याने पॅलेस्टाईनच्या उत्तरेकडच्या मोठ्या खोऱ्यातली जमीन ज्यू संस्थांना विकायला काढली, आणि १९२०च्या पुढे तिची मोठी विक्री झाली. अरबीत त्या खोऱ्याला मर्ज इब्न आमिर म्हणतात, हिब्रूत यिज्रएल. जमीन कागदावर सुरसुकांची, पण कसत होती वेगळीच माणसं, बापजाद्यांपासून. विक्री कायदेशीर होती. घेणाऱ्यांनी रोख पैसे मोजले होते. काही कुळांना थोडी भरपाईही मिळाली. आणि कुळं उठली. त्या जमिनीवर आलेल्या ज्यू तरुण-तरुणींनी दलदल उपसली, हिवतापाने आजारी पडली, आणि तिथे शेती उभी केली. तेही कष्टच होते.

कागदावर मालक एक आणि घाम गाळणारा दुसरा, हे आपल्या जिल्ह्याला समजावून सांगायला लागतं का? चरीचा संप इथलाच. १९३३ पासून सहा वर्षं खोतांच्या जमिनी न कसता, करवंदं आणि लाकूडफाटा विकून जगलेली माणसं आपल्याच तालुक्यांतली. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी आणि बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी. १९३७ साली पील अहवाल आला, त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. तुलना इथवरच, हेही मी व्याख्यानात सांगणार होते. इथल्या खोताची आणि कुळाची भाषा एक होती, देवही बहुतेक एकच होते. तिकडे जमिनीबरोबर भाषा बदलली, गावाचं नाव बदललं. तरीही चरीची बाई मर्ज इब्न आमिरच्या बाईचं दुःख चटकन ओळखेल, अशी माझी खात्री आहे. तो आपला संबंध.

तिसरी तक्रार. जो भाग तुम्ही ठेवायला सांगता तो तरी तुम्हाला पुरता हवा आहे का? ‘इस्राएलची निर्मिती’ या नावाखाली तुम्हाला पराक्रमाची गोष्ट अपेक्षित होती. ज्यूंचा या काळातला इतिहास त्याहून फार जड आहे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे ३२ देश जमले, ज्यू निर्वासितांना कोण घेणार हे ठरवायला. सहानुभूतीची भाषणं झाली आणि जवळपास सगळ्यांनी दारं लावून घेतली. मे १९३९ मध्ये ब्रिटनने अरबांची समजूत काढण्यासाठी श्वेतपत्रिका काढली आणि पाच वर्षांत ७५ हजार ज्यूंनाच पॅलेस्टाईनमध्ये प्रवेश, अशी मर्यादा घातली. युरोपात मृत्यू दाराशी आला होता, त्याच घडीला.

‘स्ट्रुमा’ नावाचं एक मोडकं जहाज डिसेंबर १९४१ मध्ये रुमानियाहून निघालं. सातशेहून अधिक ज्यू त्यात कोंबलेले. इस्तंबूलला इंजिन बंद पडलं. दहा आठवडे ते बंदरात उभं होतं. ब्रिटन पॅलेस्टाईनचा परवाना देईना, तुर्कस्तान उतरू देईना. शेवटी ते ओढून काळ्या समुद्रात सोडून दिलं. २४ फेब्रुवारी १९४२ ला सोव्हिएत पाणबुडीच्या पाणतीराने ते फुटलं. एक माणूस वाचला. ज्याला पॅलेस्टिनींचं दुःख कळतं त्यालाही हे जहाज माहीत असलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, तुमच्याहून अगदी वेगळ्या विचारांच्या मंडळींनी मला भाषणातून हेच गाळायला सांगितलं होतं. ज्यूंचं दुःख आत्ता नको, मुद्दा सैल पडतो, असं त्यांचं म्हणणं. तिथेही मी बोलले नाही. तेव्हा कोणा एका बाजूची म्हणून मला मोजू नका.

चौथी तक्रार पुस्तकांची. व्याख्यानाच्या निमित्ताने ग्रंथपालांनी या विषयावरची आपल्या संग्रहातली पुस्तकं दर्शनी टेबलावर मांडली होती. फलक झाकला त्याच दिवशी ते टेबलही रिकामं झालं. ग्रंथपालांना मी दोष देत नाही, त्यांना वरून सांगितलं गेलं. पण पुस्तकं कपाटात परत गेलेली पाहून मला एक माणूस आठवला. त्याची गोष्ट वाचनालयाच्या कार्यकारिणीने ऐकावीच.

खलील सकाकिनी हे यरुशलेमचे ख्रिस्ती अरब शिक्षक. त्यांनी शाळा काढल्या, अरबीची पाठ्यपुस्तकं लिहिली, वर्षानुवर्षं रोजनिशी ठेवली. कतामोन भागातल्या घरात त्यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तकं होती. एप्रिल १९४८च्या शेवटी लढाई घराशी आली तेव्हा कुटुंबासह ते निघाले आणि पुस्तकं तशीच राहिली. कैरोत बसून त्यांनी त्या पुस्तकांना उद्देशून निरोप लिहिला. तुम्हाला लुटलं की जाळलं, की मानाने एखाद्या ग्रंथालयात नेलं, की वाण्याच्या दुकानात तुमच्या पानांत कांदे बांधले जात आहेत, असं ते पुस्तकांना विचारतात. पश्चिम यरुशलेममधल्या अरब घरांतून तेव्हा सुमारे तीस हजार पुस्तकं तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेण्यात आली. त्यातल्या हजारोंवर ‘सोडून दिलेली मालमत्ता’ अशा अर्थाची आद्याक्षरं पडली.

आणि त्याच ग्रंथालयात त्याच वर्षांत युरोपातून खोकीच्या खोकी येत होती. नाझींनी लुटलेली ज्यूंची पुस्तकं होती ती. कुठल्या सिनेगॉगची, कुठल्या शाळेची, कुठल्या घरातली. कित्येकांचे मालक छळछावण्यांत मारले गेलेले. मेलेल्यांची पुस्तकं आणि हुसकावलेल्यांची पुस्तकं एका छपराखाली आली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. पुस्तकांनासुद्धा जे जमलं, म्हणजे एका कपाटात शेजारी राहणं, ते आपल्या गावातल्या एका टेबलावरही होऊ नये?

पाचवी तक्रार छोटी आहे. मी नकार दिल्यावर तडजोड म्हणून मला संपूर्ण भाषण आधी लिहून द्यायला सांगितलं गेलं. याआधीच्या कोणत्याही वक्त्याकडून ते मागितलेलं नाही. शेअर बाजारावर बोलणाऱ्यांकडूनही नाही आणि कीर्तनकारांकडूनही नाही.

तुमची काळजी मला कळत नाही असं समजू नका. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली, शेकडोंना ओलीस नेलं. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार साठ हजारांहून अधिक माणसं मेली आणि त्यांत हजारो मुलं होती. दोन्हीकडची छायाचित्रं आपल्या गावातल्या प्रत्येक फोनवर आली आहेत. कोण कोणाचं, यावर नाक्यावर भांडणं झाली आहेत. माझ्या शाळेतल्या दोन माजी विद्यार्थ्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं आहे आणि दोघांपैकी एकालाही १९१७ साली काय झालं ते ठाऊक नाही. हे माझं अपयश आहे असं मला वाटतं, कारण दोघांनाही मीच शिकवलं. वातावरण तापलेलं असताना हे व्याख्यान मला द्यायचं आहे ते त्या दोघांसाठी.

बेथलेहेमजवळच्या बेत जाला इथे काही इस्राएली आणि पॅलेस्टिनी शिक्षकांनी मिळून एक शालेय पुस्तिका केली होती. पानाच्या एका बाजूला इस्राएली इतिहास, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी इतिहास, आणि मधली जागा कोरी, विद्यार्थ्याने स्वतः लिहावं म्हणून. दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांनी ती शाळांत टिकू दिली नाही. तिथे ज्यांच्या घरातली माणसं मेली आहेत ते शिक्षक एका टेबलाशी बसले. आपण तर शेकडो कोस लांब आहोत. आपल्याला निदान ऐकता यायला हवं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

व्याख्यान जाहीर केलेल्या नावानेच व्हावं, दोन्ही इतिहासांसह, एकाच संध्याकाळी. ते मी दिलं नाही तरी चालेल. माझ्याहून जाणकार कोणी असेल तर त्यांना बोलवा, मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

कोणत्याही वक्त्याकडून भाषण आधी लिहून मागू नये, आणि तसा ठराव करावा.

टेबलावरची पुस्तकं परत मांडावीत. सगळी, शेजारी शेजारी.

विषय बदलण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, कोण हजर होतं, कारण काय नोंदवलं, हे इतिवृत्त सभासदांसाठी सूचनाफलकावर लावावं. बैठकच झाली नसेल तर तसं लिहावं.

व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांना किमान पाऊण तास ठेवावा, आणि गावातल्या बेने इस्राएल कुटुंबांना आणि मोहल्ल्यातल्या मंडळींना कार्यवाहांनी स्वतः घरी जाऊन आमंत्रण द्यावं. पत्रिका टाकून येऊ नये.

येत्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेच्या आधी मला लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास हेच मुद्दे मी सभेत मांडेन, शांतपणे आणि सभासद म्हणून.

टिपणं तयार आहेत. मावशींचं ते निळं पत्रही मी सोबत आणणार आहे, त्यातल्या लिंबाच्या झाडाच्या ओळी वाचून दाखवायला. तारीख तुम्हाला सोयीची असेल ती धरा. शुक्रवारची संध्याकाळ तेवढी नको. आळीत जी थोडी बेने इस्राएल घरं उरली आहेत, ती त्या वेळी दिवा लावून बसलेली असतात.

आपली,
वाचनालयाची एक आजीव सभासद आणि निवृत्त इतिहास शिक्षिका